तिसरा ठोका

९ फेब्रुवारी १९८७, धानोऱ्याजवळ

पोहोचलो एकदाचे. गडचिरोलीहून निघालेल्या लाल बसनं इतके हिसके दिले की मामाजींच्या पत्र्याच्या ट्रंकेला आणि मला, दोघींनाही पोचे आले असतील. घुग्घुसची कोळशाची धूळ काळी, इथली तांबडी. उतरल्यावर मामाजींनी धोतर झटकलं, तळहात पाहिला आणि म्हणाले, "चाला, रंग तं बदलला." माझा नवरा श्रावण गेल्यापासून सासऱ्यांनी केलेली ही पहिली थट्टा. मी भर स्टँडवर वेड्यासारखी हसत उभी राहिले.

आमचं बिऱ्हाड वनखात्याच्या जुन्या लाकूड डेपोत आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे आवार आणि आवाराच्या कडेला मोहाची मोठाली झाडं. मधोमध आमची रेडिओ दुर्बीण: जाळीची थाळी, दोन माणसं आरामात आडवी होतील एवढी, हाताच्या चाकानं फिरवायची. नागपूरचे तंत्रज्ञ ती उभी करून, मला किल्ल्या देऊन गेले. आता इथली साहेब मीच आणि चपराशीही मीच.

शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, ठमाबाई स्वयंपाकपाण्याला येणार आहे. तिनं थाळीकडे पाहून विचारलं, एवढ्या मोठ्या गाळणीत काय गाळता? मी म्हटलं, अंधार. ती म्हणाली, मग इथं कमी पडायचा नाई.

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लावल्या. श्रावणचा फोटो मामाजींनी ट्रंकेतच ठेवला. राहू दे. त्याच्या मागोमाग सासूबाई गेल्या, तेव्हा माझा हात धरून त्यांनी एकच मागितलं होतं: बुढ्याले एकटं सोडू नको. मामाजी रोज उठून खाणीच्या फाटकाशी जाऊन बसायचे. तिथून त्यांना हलवणं एवढंच मला करायचं होतं, आणि ते झालं. ही नोकरी त्यासाठीच घेतली.

११ फेब्रुवारी

मामाजींना आज काम समजावून सांगितलं. आकाशगंगा ज्या वेगानं फिरते, त्या वेगात तिच्या कडेचे तारे सुटून जायला हवेत. जात नाहीत. म्हणजे तिथं न दिसणारं काहीतरी आहे आणि त्याच्या ओढीनं सगळं जागेवर आहे. ते कशाचं आहे कुणालाच ठाऊक नाही. आमचे नागपूरचे गुणवंतराव सर म्हणतात, फार फार हलक्या कणांचं असावं. त्या कणाला अमेरिकेत कुणी धुण्याच्या साबणाचं नाव दिलंय, ॲक्सिऑन. जबर चुंबकत्वातून जाताना तो कधीतरी रेडिओ लहर होतो, असा हिशोब आहे. तसं झालं तर एकच बारीक, ठरलेला सूर ऐकू येईल. शहरात गोंगाट फार, म्हणून हे जंगल.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे दिसत नाई, पन हाये?"

मी हो म्हटलं.

"आन् आपल्यातून जाते?"

म्हटलं, आपल्यातून, भिंतीतून, जमिनीतून, आत्ता या घटकेलासुद्धा. ते बराच वेळ स्वतःचा तळहात बघत बसले. मला वाटलं, उगाच सांगितलं.

१८ फेब्रुवारी

दिवस छान चाललेत. मामाजी ठमाबाईच्या हातची भाकर मागून घेतात, तिच्या बाजेची सैल दोरी त्यांनी ओढून दिली. थाळीचं चाक फिरवायला मला मदत करतात. पळस फुललाय.

आज पहिल्यांदा ते त्या दिवसाबद्दल बोलले. जन्मभर ते खाणीच्या तोंडावर घंटीवर होते. माणसं वरखाली नेणारा पिंजरा, डोली म्हणतात त्याला, तो घंटीच्या इशाऱ्यावर हलतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर ओढ. तीन म्हणजे डोलीत माणूस चढतोय. मग वरच्यानं तीन ठोके परत द्यायचे, ते मिळाल्याशिवाय खालच्यानं पाऊल टाकायचं नाही. हे मला श्रावणनंच लग्नानंतर शिकवलं होतं, पाटावर लाटणं वाजवून. प्रत्येकाचा हात वेगळा, हेही त्यानंच सांगितलं. मामाजींचा अंगठा तरुणपणी चेंगरला, म्हणून त्यांचे दोन ठोके लगोलग पडतात आणि तिसरा मागून येतो. श्रावणचे तिन्ही एकसारखे.

खाली आग लागली त्या दिवशी काहीजण वर आले, काही नाही; श्रावण नाही. वारा मिळाला तर आग सगळी खाण खाईल म्हणून साहेबांनी त्या बोगद्याच्या तोंडावर विटांची भिंत बांधवली आणि चुन्यानं तारीख लिहून तो बंद केला. भिंत पुरी झाल्यावर खालून घंटी वाजली. तीन, एकसारखे. साहेब म्हणाले, तारा तापल्या की आपोआप वाजते. मामाजींचा हात घंटीवर होता, तो दोघांनी धरून ठेवला.

"तीनले तीन द्याचे, हा कायदा हाये सत्यशीला. म्या नाई देल्ले."

आम्ही आत्मा मानत नाही. गेला तो गेला, हे त्यांना सांगणारी मीच. मूठभर राख हातात नसताना श्रावणचं पुण्यानुमोदन मी कोरड्या डोळ्यांनी उरकलं होतं. आज मात्र चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबून रडले. दोन वर्षांत कुठे ओळख व्हायला लागली होती आमची.

२७ फेब्रुवारी

यंत्राला रोज जमीन दाखवावी लागते. जमिनीची ऊब थर्मामीटरनं कळते, आणि तेवढ्या उबेला कागदावरचं पेन किती चढतं ते पाहिलं की आकाशाचं माप लावता येतं. म्हणून सकाळी आणि दुपारी मी थाळी खाली वाकवते, मोहाच्या झाडांखालच्या जमिनीकडे. थाळीच्या तोंडाशी एक छोटं चाचणी-यंत्र आहे. टेबलावरचं बटण दाबलं की ते आमच्या सुराचाच आवाज सोडतं आणि पेन उडतं.

आज दुपारी थाळी जमिनीकडे असताना बटण न दाबता पेन उडालं. कुठलीतरी तार सैल असणार. सगळ्या आवळल्या. इतकं करून चहा उतू गेला तो गेलाच.

५ मार्च

तार सैल नव्हती. पेन रोज उडतं, आणि फक्त थाळी जमिनीकडे असली की. सूर अगदी तोच, जो सर शोधताहेत.

धानोऱ्याच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला. सरांनी मला आकडे दोनदा वाचायला लावले. ते म्हणाले, हे कण जमिनीतूनही जातात, तेव्हा जमिनीकडून सूर आला तर बिघडलं काय. कुणालाही न सांगता नोंद चालू ठेवा. जगात पहिल्यांदा, असंही काहीतरी म्हणाले. मी हो हो म्हणत राहिले.

पेन कसं उडतं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तीनदा उडतं. मग थांबतं. मग तीनदा. तिन्ही एकसारखे.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. कशातही ओळखीचं दिसू लागणं हा शोकाचा भाग असतो, हे मी स्वतःला दिवसभर बजावते आहे.

१० मार्च

मामाजींना दुपारी खोलीत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. चाक फिरवून झालं की त्यांना पाणी आणायला, सरपण आणायला पाठवायची. आज ते परत आले आणि दारात उभे राहिले. पेन तेव्हाच उडालं.

खुर्ची ओढून बसले, कागदाकडे बघत. पुन्हा तीन झाले तेव्हा त्यांच्या ओठांतून फक्त "बाप्पा" एवढंच आलं. मग ते रडले, आवाज न करता, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. हे यंत्र आहे, मामाजी, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण मलाही तो हात ओळखू आला होता. पाटावरचं लाटणं.

जमीन थोडी गरम लागते आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून इथले लोक झाडाखालचा पाला जाळतात, त्याची ऊब असणार.

१४ मार्च

मामाजींनी उत्तर दिलं.

तीन आले. त्यांचा हात टेबलावरच्या बटणाकडे गेला. ठरवून नाही, जन्मभराच्या सवयीनं गेला. मी शेजारीच होते, मनगट धरू शकले असते. त्या दिवशी दोघांनी धरलं होतंच. मी धरलं नाही. खरं लिहायचं तर माझ्या मनात आलं, द्या, मामाजी. एकदा तरी द्या.

दोन लगोलग. तिसरा मागून.

पेन बराच वेळ सरळ चाललं. मग खालून दोन आले.

दोन म्हणजे वर ओढा.

"चढला," मामाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी बाहेर आवारात जाऊन बसले. श्रावणला मी अजून त्याच्या निळ्या सदऱ्यातच बघते. बाहीचं बटण तुटलेलं. लावून देते म्हटलं होतं.

१८ मार्च

जमीन तापते आहे. थाळी वाकवली की पेन कागदाच्या वर जाऊन अडतं. थर्मामीटर पालथा मातीत खुपसला तर पारा शेवटपर्यंत गेला. कोळशाच्या आगीचा वास येतो आहे. मी घुग्घुसची, तो वास मला झोपेतही कळतो. इथं आसपास कोळसा नाही.

ठमाबाईला म्हटलं, पाला जरा कमी जाळा. ती म्हणाली, "आमी अवंदा जाळलाच नाई, बाई. त्या झाडाखाली कोनी जाऊन नाई राह्यलं. पाय भाजते." मग हळूच म्हणाली, बुढ्या बाबाले घेऊन इथून जा.

तिचं बरोबर आहे. उद्या बस गाठायची.

१९ मार्च

मामाजी येत नाहीत. विनवलं, रागावले, सासूबाईंची शपथ घातली. "पोरगा अर्ध्यात हाये अन् मी डोली सोडून जाऊ?" त्यांना सोडून मी जाऊ शकत नाही. मीच शब्द दिलाय.

आणि दुपारी —

आम्ही दोघं चहा घेत होतो. त्यांच्या दोन्ही हातांत बशी. मी पाहत होते. पेन उडालं. दोन लगोलग, आणि तिसरा मागून.

मामाजींचा हात. खालून.

त्यांनी बशी खाली ठेवली. "हा तं माहा हात हाये," म्हणाले. घाबरले नाहीत. मीच घाबरले. खाली जे काही आहे त्याला जर श्रावणच्या हातानं वाजवता येत असेल, आणि मामाजींच्याही, तर मग —

मी एक ठोका दिला. थांब.

खालूनही एकच आला. ऐकलं त्यानं. श्रावण घंटीचं कधी मोडत नसे.

मग पुन्हा तीन. एकसारखे. सावकाश. विनवल्यासारखे. मी ओक्साबोक्शी रडले.

२२ मार्च

ठमाबाई येत नाही. मोहाची फुलं पडताहेत, कुणी वेचत नाही. जमिनीवर पडताच करपतात.

सकाळी जाग आली ती कुदळीच्या आवाजानं. मामाजी मोहाखाली खणताहेत. पायाला ओलं फडकं गुंडाळलंय. मी कुदळ ओढून घेतली. त्यांनी हातांनी खणायला घेतलं. बोटं भाजलेली बघवेनात म्हणून मी कुदळ परत दिली.

दुपार —

कुदळ विटेवर लागली.

जंगलात. कमरेइतक्या खोलीवर. विटांची भिंत, आडवी, जमिनीत निजवल्यासारखी. वर चुन्यानं लिहिलेली तारीख.

तीच तारीख.

मी त्यांना हात जोडले. मामाजी, ही भिंत का बांधली ते तुम्हालाच सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. वारा गेला तर —

ते म्हणाले, "माहीत हाये मले. तेव्हाबी माहीत होतं. तरी तो वाजवून राह्यला होता ना."

२३ मार्च

त्यांनी एक वीट काढली. आतून काही आलं नाही. उलट बाहेरचा वारा आत गेला. पाला, फुलं, माझा पदर, सगळं त्या भोकाकडे ओढलं गेलं. एक लांब श्वास घेतल्यासारखं.

मामाजी भोकाला तोंड लावून "श्रावण" म्हणाले. दोनदा. तिसऱ्यांदा हळू.

मी त्यांना ओढत खोलीत आणलं. दाराला आतून कडी घातली. भात केला. जेवले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लग्नात फिरवला होता तसा. "तुले लई तरास देल्ला," म्हणाले. मी म्हटलं, झोपा आता.

२४ मार्च

नाहीत.

कडी काढलेली. बाज रिकामी. ट्रंकेतला श्रावणचा फोटो नाही.

मोहाखाली गेले. जमीन गार आहे. अगदी गार. भिंत पुरी आहे. काढलेली वीट परत जागेवर. विटांमधला चुन्याचा गारा अजून ओला. बोट लावून पाहिलं.

सांध्यांतला गारा बाहेर फुगलाय. भिंत आतून लिंपलीय.

नखं तुटेपर्यंत ओरबाडलं. हाका मारल्या. धानोऱ्याला जाऊन माणसं आणली, चार जण, कुदळी घेऊन. त्यांनी खणलं. नुसती तांबडी माती. मुळं. म्हणाले, इथं भिंत कुठी हाये, बाई? त्यांना दिसली नाही. की मामाजी गेल्यावर मलाच भास —

बुढा बाबा जंगलात भटकला असेल, शोधतो, म्हणाले. गेले.

एकटं सोडू नको, सासूबाई म्हणाल्या होत्या.

२५ मार्च

थाळी वाकवली. पेन सरळ. सकाळभर सरळ. जेवले नाही.

दुपारी दोन लगोलग. तिसरा मागून.

मामाजी.

की नाही. १९ तारखेला ते माझ्यासमोर चहा पीत होते आणि खालून हाच हात —

पुन्हा. दोन. आणि मागून एक.

एक दिला तर थांबेल. गारा वाळेल. मी बस पकडेन, नागपूरला सरांना कागद देईन, जगात पहिल्यांदा वगैरे. आणि मग जन्मभर कुठलातरी चहा पिताना —

तीन दिले तर भिंत पुन्हा फोडावी लागेल, वारा आत जाईल. आग आहे तिथं. ठमाबाईचा टोला हाकेच्या अंतरावर आहे.

पुन्हा.

त्यांचे हात धरणारे दोघं होते. माझे धरायला कुणी नाही.

किती धीरानं वाजवताहेत. ओरडत नाहीत. नुसतं विचारताहेत. चढू का. चढू का, पोरी.

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा बटणावर. नखं तुटलेली, बोट वळत नाही. मामाजी, माझाही तिसरा उशिरा पडेल. ओळखून घ्या.

एक.

दोन.

आणि